घरपट्टीची सवलत मागितल्याशिवाय मिळत नाही



डॉक्टरकीच्या काळात मी इतरांचे रिपोर्ट बारकाईने वाचत असे. घरपट्टीचे, म्हणजे प्रॉपर्टी टॅक्सचे पाकीट मात्र न वाचताच खणात टाकत असे. त्यामुळे पासष्टी उलटूनही ज्येष्ठांची सवलत मी वर्षभर मागितलीच नाही. आपल्या टेक्सासमधील अनेक ज्येष्ठांचे असेच होते, म्हणून हे थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या राज्यात आयकर नाही. शाळा, काउंटी आणि शहर यांचा बराचसा खर्च घरपट्टीतून चालतो. १ जानेवारीला घराची जी किंमत असेल ती अप्रेझल डिस्ट्रिक्ट ठरवते. दर मात्र शाळा, काउंटी आणि शहर आपापले ठरवतात. किंमत जास्त वाटली तर १५ मेपर्यंत, किंवा नोटीस पाठवल्यापासून ३० दिवसांत, यांपैकी जी तारीख नंतरची असेल तोवर हरकत घेता येते.

राहत्या घराला होमस्टेड सवलत असते. २०२५ पासून शाळेच्या करासाठी घराच्या किमतीतून १,४०,००० डॉलर वजा होतात आणि ६५ वर्षांवरील मालकांसाठी आणखी ६०,०००. समजा घर ४,००,००० डॉलरचे आहे, तर शाळेचा कर फक्त २,००,००० वर लागतो. शिवाय पासष्टीनंतर शाळेच्या कराची रक्कम गोठते. पुढे घराची किंमत वाढली तरी ती वाढत नाही. नवी खोली वगैरे बांधली तरच वाढते.

गेल्या वर्षी आरतीनंतर एका वहिनींनी मला बिल दाखवले. यजमान वारल्यावर घर विकून मुलाकडे जावे का, असे त्या विचारत होत्या. "अर्ज करा" म्हटल्यावर म्हणाल्या, "आयुष्यभर कुणापुढे हात पसरला नाही, आता सरकारपुढे पसरू?" मी सांगितले, हे दान नाही, कायद्याने दिलेला हक्क आहे. पती किंवा पत्नीला ६५ नंतरची सवलत असेल आणि त्यांच्या निधनाच्या वेळी जोडीदाराचे वय ५५ किंवा अधिक असेल, तर त्याच घरात राहणाऱ्या जोडीदाराला ती पुढे चालू ठेवता येते. वहिनींनी अर्ज केला, सवलत मिळाली. त्या आजही त्याच घरात राहतात.

लक्षात ठेवण्याच्या गोष्टी :

१. अर्ज अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे करायचा असतो आणि तो विनामूल्य आहे. "पैसे भरा, सवलत मिळवून देतो" अशा पत्रांना भुलू नका.

२. ड्रायव्हिंग लायसन्स किंवा ओळखपत्रावरचा पत्ता घराचाच हवा.

३. उशीर झाला तरी ठरावीक मुदतीत मागच्या वर्षांसाठी अर्ज करता येतो. मला भरलेले जादा पैसे असेच परत मिळाले.

४. गृहकर्ज फिटले की बँक घरपट्टी भरत नाही. ती आपणच ३१ जानेवारीपर्यंत भरायची. बिल आले नाही ही सबब चालत नाही. फेब्रुवारीत दंड आणि व्याज मिळून ७ टक्के जादा पडतात. ज्येष्ठांना चार हप्त्यांत भरण्याची सोय आहे, पण पहिला हप्ता वेळेवर हवा.

५. अगदीच झेपत नसेल तर ६५ वर्षांवरील मालकांना राहत्या घराची घरपट्टी पुढे ढकलता येते. ती माफ होत नाही. वर्षाला ५ टक्के व्याज चढते आणि घर विकल्यावर किंवा मालकाच्या पश्चात सगळी रक्कम द्यावी लागते. म्हणून आधी मुलांशी, आणि कर्ज असेल तर बँकेशीही बोला.

एक विनंती. रविवारी आरतीनंतर मी सभागृहात बसतो. घरपट्टीचे पाकीट न फोडता तसेच घेऊन या. आपण एकत्र वाचू. ज्यांना गाडी चालवता येत नाही त्यांना आणण्यासाठी आणि अर्ज भरून देण्यासाठी तरुण स्वयंसेवक हवे आहेत. महिन्यातून दोन तास दिलेत तरी एखाद्या आजी-आजोबांचे घर राहील. ही सेवाही देवाच्या चरणी रुजू होईल.

आपला,
मंदिराचा एक सेवक, निवृत्त डॉक्टर