हप्ता तोच, मुदत कमी

बेळगावहून खानापूरकडे निघालं की उद्यमबाग मागे पडते आणि पिरनवाडी लागते. नाक्यावरून एक रस्ता जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटाने गोव्याला उतरतो, दुसरा मच्छेवरून पुढे खानापूरला जातो. एका बाजूला उद्यमबागेतल्या फाउंड्र्या आणि मशीन शॉप, दुसऱ्या बाजूला मच्छेची औद्योगिक वसाहत आणि विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ. अशा ठिकाणी शेताचे प्लॉट झाले, प्लॉटवर घरं उभी राहिली आणि घरांच्या उताऱ्यांवर बँकांचे बोजे चढले. घर बांधून झालं की वास्तुशांत होते, पाहुणे जेवून जातात आणि पुढची वीस वर्षं दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून हप्ता जात राहतो.

त्या हप्त्याच्या पोटात काय असतं, हे बँकेकडून मिळणाऱ्या परतफेडीच्या तक्त्यात स्पष्ट छापलेलं असतं. एक साधं उदाहरण घेऊ. कर्ज २० लाखांचं, व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता येतो १७,३५६ रुपये. तक्त्याची पहिली ओळ वाचली तर त्यातले १४,१६७ रुपये व्याजाचे आणि उरलेले ३,१८९ मुद्दलाचे. दहा वर्षं एकही हप्ता न चुकवता जवळजवळ २०.८३ लाख रुपये भरले, तरी शिल्लक मुद्दल असतं १४ लाख. हप्त्यातला मुद्दलाचा वाटा व्याजापेक्षा मोठा होतो तो बारावं वर्ष सरत आल्यावर. वीस वर्षांत भरलेलं एकूण व्याज २१ लाख ६५ हजारांच्या घरात जातं, म्हणजे घेतलेल्या कर्जापेक्षाही जास्त.

यात बँकेची काही लबाडी नाही. व्याज दर महिन्याला शिल्लक मुद्दलावर मोजलं जातं आणि सुरुवातीला मुद्दल मोठं असतं, इतकंच. पण याच हिशेबाची दुसरी बाजू कर्जदाराच्या फायद्याची आहे. हप्त्याव्यतिरिक्त भरलेला प्रत्येक रुपया थेट मुद्दलातून वजा होतो आणि त्या रुपयावरचं उरलेल्या सगळ्या वर्षांचं व्याज वाचतं. वरच्या कर्जात पहिल्या वर्षाच्या अखेरीस एक लाख जादा भरले तर सव्वीस हप्ते कमी होतात आणि साधारण साडेतीन लाखांचं व्याज वाचतं. तेच एक लाख दहाव्या वर्षाच्या अखेरीस भरले तर तेरा हप्ते वाचतात आणि व्याजातली बचत सव्वा लाखाच्या आसपास राहते. ‘मुलं मोठी झाली की बघू’ म्हणणाऱ्यांना हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडून दाखवावेत.

एकरकमी लाख रुपये कुणाकडे पडून असतात? फारशा कुणाकडे नाहीत. पण बेळगाव-निपाणी पट्ट्यात थोडे थोडे पैसे साठवण्याच्या जेवढ्या रीती रुळल्या आहेत, तेवढ्या क्वचितच कुठे असतील.

पहिली पिग्मी. तिचा जन्मच कर्नाटकातला. १९२५ साली उडुपीत डॉ. टी. एम. ए. पै आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी बँक काढली, ती पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखली गेली. १९२८मध्ये या बँकेने दारोदार जाऊन रोज दोन आणे गोळा करण्याची योजना सुरू केली. बँक २०२०मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली, पिग्मी मात्र सगळीकडे पसरली. संध्याकाळी चहाच्या टपरीपासून हार्डवेअरच्या दुकानापर्यंत पिग्मीवाला फिरतो. हातातल्या लहानशा मशीनवर खातं काढतो, पन्नास-सत्तर रुपये घेतो, बोटभर पावती फाडून देतो आणि पुढच्या दारात जातो. रोजचे ७० रुपये म्हणजे महिन्याला २,१००. पिग्मीवर मिळणारं व्याज गृहकर्जाच्या व्याजापेक्षा बरंच कमी असतं, म्हणून पैसे तिथे वर्षानुवर्षं ठेवण्यात अर्थ नाही. पिग्मी पुरी झाली की रक्कम गृहकर्जात भरायची. वरच्या कर्जात दर महिन्याला २,००० रुपये जादा गेले तर वीस वर्षांचं कर्ज १५ वर्षं ७ महिन्यांत संपतं आणि साडेपाच लाखांचं व्याज वाचतं. पिग्मीतून वर्षाला एकदा भरलं तर फरक थोडा कमी पडेल, पण दिशा तीच.

दुसरा दिवाळीचा बोनस. कायद्याने ठरलेला किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे बोनससाठी धरल्या जाणाऱ्या वार्षिक पगाराचा बारावा हिस्सा. खंडेनवमीला मशीनची पूजा होते आणि पाठोपाठ बोनसची चर्चा सुरू होते. हा बोनस बारा हप्त्यांच्या जोडीला तेरावा हप्ता म्हणून वापरता येतो. रक्कम कमी पडली तर ओव्हरटाइमची किंवा भाताच्या पैशाची भर घालता येते. दरवर्षी फक्त एक जादा हप्ता भरला तर कर्ज सव्वातीन वर्षं आधी फिटतं आणि चार लाखांहून अधिक व्याज वाचतं. महिन्याचे दोन हजार आणि दिवाळीचा तेरावा हप्ता ही जोडी जमली, तर १३ वर्षं ८ महिन्यांत उतारा मोकळा होतो. व्याजातली बचत पावणेआठ लाखांपर्यंत पोचते.

तिसरी भिशी. गल्लीतली, तालमीतली, कारखान्यातली, बायकांची. दिवाळीच्या तोंडावर ती फुटते तेव्हा तेलाचा डबा, साखर, कपडे यांच्यात पैसा विरघळून जातो. भिशी नंबराची असेल आणि काही रक्कम कर्जाकडे वळवायची असेल, तर नंबर कधी लागतो याचाही विचार करावा. दहा जणांची, महिना तीन हजारांची भिशी धरली तर प्रत्येकाला एकदा ३० हजार मिळतात. पहिला नंबर मिळून ते लगेच कर्जात भरले, तर शेवटच्या नंबरापेक्षा नऊ महिने आधी भरले जातात आणि साडेआठ टक्क्यांनी साधारण १,९०० रुपयांचा फरक पडतो. चिठ्ठीने आधीचा नंबर लागला तर उत्तमच. पण लिलावाच्या भिशीत ३० हजारांसाठी तीन हजार सोडून रक्कम उचलली, तर कर्जात वाचतं त्यापेक्षा जास्त लिलावात गेलं.

एकत्र बचत करून घर उभं करण्याची कल्पना मुळात अशा भिशीतूनच वाढली. १७७५ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात रिचर्ड केटली नावाच्या खानावळवाल्याच्या ‘गोल्डन क्रॉस’मध्ये काही जण एकत्र आले. दर महिन्याला वर्गणी जमवायची, एकेकाचं घर पुरं करायचं आणि सगळ्यांची घरं झाली की मंडळ मोडायचं, अशी ती रीत होती. जगातली पहिली बिल्डिंग सोसायटी म्हणून तिची नोंद होते. आपल्याकडे १८८९मध्ये बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी अन्योन्य सहकारी मंडळी सुरू केली, तेव्हा देशात सहकाराचा कायदाही नव्हता. तो १९०४मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी त्याखालची पहिली पतसंस्था गदगजवळच्या कणगिनहाळ गावी सिद्धनगौडा पाटील यांनी काढली. तेव्हा तो भाग मुंबई इलाख्यात होता, बेळगावही त्याच इलाख्यात. बेळगावची पायोनियर अर्बन बँक १९०६ची, मराठा बँक १९४२ची.

घरातल्या घरात हे कसं चालतं? दोघे भाऊ किंवा नवरा-बायको सहकर्जदार असतात, पण कर्ज एकाच्याच डोक्यात राहतं. बाकीच्यांना फक्त ‘हप्ता जातो’ एवढंच ठाऊक असतं. शिल्लक मुद्दलाचा आकडा दर तीन महिन्यांनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिला की तो सगळ्यांचा होतो. बायकोच्या संघातली बचत, पोराच्या पहिल्या पगारातला वाटा, म्हशीच्या दुधाचे पैसे यांतलं काय कर्जात जाणार आणि काय नाही, हे आधीच बोलून ठेवलेलं बरं. नाहीतर कुणाला न विचारता मोडलेल्या पिग्मीवरून दिवाळीतच वाद होतो.

बँकेत जाताना एक वाक्य पक्कं म्हणायचं: हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. जादा रक्कम भरल्यावर बँक हप्ताही कमी करून देऊ शकते. दर महिन्याला हात थोडा मोकळा होतो, पण व्याजातली बचत बरीच घटते. म्हणून अर्जावर तसं लिहून द्यावं आणि नवा तक्ता मागून घ्यावा. व्याजदर खाली येतो तेव्हाही हेच. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२२मध्ये ४ टक्क्यांवरून चढू लागला आणि फेब्रुवारी २०२३मध्ये ६.५ टक्क्यांवर गेला. त्या वेळी गृहकर्जाचे दरही चढले. अनेकांचा हप्ता तोच राहिला, मुदत मात्र वाढत गेली. ७ टक्क्यांनी घेतलेल्या २० लाखांच्या कर्जाचा हप्ता १५,५०६ रुपये, तर साडेनऊ टक्क्यांनी त्याच रकमेचं महिन्याचं नुसतं व्याजच १५,८३३. म्हणून ऑगस्ट २०२३मध्ये रिझर्व्ह बँकेने दंडक घातला: दर बदलला की हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारायचं. २०२५मध्ये रेपो दर टप्प्याटप्प्याने ५.२५ टक्क्यांपर्यंत उतरला. ज्यांनी जुना हप्ता चालू ठेवला, त्यांचं कर्ज खिशातून वेगळा रुपया न काढता लवकर उतरू लागलं.

दंडाची भीती अजून अनेकांच्या मनात आहे. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल शुल्क घ्यायला रिझर्व्ह बँकेने बँकांना जून २०१२पासून मनाई केली आहे. १ जानेवारी २०२६पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांसाठीचे नवे निर्देश आणखी स्पष्ट आहेत: पैसे कुठून आणले हे बघायचं नाही आणि ‘इतकी वर्षं भरता येणार नाही’ अशी अटही घालायची नाही. स्थिर दराच्या कर्जाचा करार मात्र वाचावा. पतसंस्थांचं, म्हणजे इथल्या बोलीत ‘सोसायटी’चं, कर्ज या नियमात बसत नाही. तिथे पोटनियम काय म्हणतात ते विचारावं. सोसायटीतल्या ठेवीला बँकेसारखं पाच लाखांचं विमा संरक्षणही नसतं, तेव्हा सगळी बचत एकाच ठिकाणी साठू देऊ नये.

घाई कुठे करू नये, हेही बघितलं पाहिजे. सोन्यावरचं कर्ज, क्रेडिट कार्ड, सोसायटीचं हातउसनं यांचा दर गृहकर्जापेक्षा जास्त असेल तर आधी ते फेडावं. फाउंड्रीच्या ऑर्डरी कमी झाल्या की आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग पाळ्या कमी होतात. म्हणून चार-सहा हप्त्यांइतकी रक्कम बाजूला हवीच, कारण कर्जात भरलेला पैसा मागून परत मिळत नाही. जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते. नव्या पद्धतीत ती नाही, त्यामुळे ती निवडलेल्यांना ‘कर वाचतो म्हणून कर्ज राहू दे’ हे कारण उरत नाही.

शेवटचा हप्ता भरला म्हणजे काम संपलं असं नाही. बँकेकडून एनओसी घ्यावी आणि मूळ कागदपत्रं यादीशी पडताळून ताब्यात घ्यावीत. १ डिसेंबर २०२३पासून कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत कागद परत देणं आणि बोज्याची नोंद काढणं बंधनकारक आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. सब-रजिस्ट्रार कार्यालयात गहाणाची नोंद झाली असेल तर तिथे ती रद्द करून घ्यावी, मग ईसी, म्हणजे मिळकतीवरच्या बोज्यांचा दाखला, काढून बघावी आणि नगरपंचायतीच्या उताऱ्यावरचा बोजा उतरला का तेही तपासावं. तारणांच्या केंद्रीय नोंदणीतून, म्हणजे ‘सरसाई’तून, बँकेने नोंद काढल्याचा पुरावाही याच फाइलला लावून ठेवावा. पुढे घर मुलांच्या नावे करताना किंवा विकताना पहिली मागणी याच कागदांची होते.