बेसिनमधला धुवांधार

जबलपूरजवळ भेडाघाट येथे नर्मदा कड्यावरून कोसळताना तुषारांचा धूर उठतो. म्हणूनच तो धबधबा ‘धुवांधार’. शहरातील अनेक घरांच्या नळांना याच नर्मदेचे पाणी येते. मात्र धुवांधार बेसिनमध्ये अवतरला, की कपडे भिजतात, फरशी निसरडी होते आणि घरातील वयोवृद्ध घसरून पडण्याचे भय निर्माण होते.

दोन्हींचे कारण एकच. पाणी जितक्या वेगाने आदळते, तितके तुषार अधिक उडतात. गच्चीवरील टाकी जितकी उंच, तितका नळाला दाब अधिक. दर 10 मीटर उंचीमागे तो सुमारे एका वातावरणाइतका वाढतो. शिवाय उंचावरून पडणारी धार वाटेत तुटून तिचे थेंब होतात व शिंतोडे वाढतात.

उपाय सोपे आहेत. प्रथम बेसिनखालील अँगल कॉक थोडा आवळावा. नळाच्या तोंडाशी जाळीचा एरेटर बसवावा. तो पाण्यात हवा मिसळून धार मऊ करतो, पाणीही वाचवतो. जाळीत क्षार साचल्यास धार वाकडी फुटते. अशा वेळी जाळी व्हिनेगरमध्ये भिजवून घासावी. नवी खरेदी करताना उथळ बेसिनवर उंच मानेचा नळ टाळावा. अल्प खर्चात पाण्याची बचत होते आणि ज्येष्ठांची सुरक्षितताही साधते.