हात कामात, कान गोष्टीत!

मैत्रिणींनो, 'सध्या काय वाचताय?' असं कुणी विचारलं की आपण पटकन एखादं वजनदार नाव सांगतो. उशाशी मात्र रहस्यकथा असते! खरं सांगू? त्यात लपवण्यासारखं काहीच नाही. दिवसभर राबलेल्या बाईला रात्री 'खून कुणी केला?' हे शोधावंसं वाटलं तर बिघडलं कुठं? गेल्या काही महिन्यांत इथं कसबा बावड्यात बसून मी जे वाचलं आणि मोबाइलवर ऐकलं, त्याबद्दलची ही माझी सरळ मतं. पटली तर घ्या!

पहिला मान नारायण धारपांना. त्यांची 'लुचाई' ही स्टीफन किंगच्या १९७५च्या 'सालेम्स लॉट' या इंग्रजी कादंबरीवर बेतलेली, पण वाचताना ती परकी वाटत नाही. एकेक घर करत अख्खं गाव अमंगळाच्या ताब्यात जातं. ही भीती आम्हा बावडेकरांना चांगली ठाऊक आहे. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी असंच चढतं. ४३ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९मध्ये ते ५५ फुटांच्या वर गेलं. पाणी काही एकदम अंगावर येत नाही, इंचाइंचानं येतं. धारपही तसेच घाबरवतात. आरडाओरडा नाही, नुसती चाहूल! 'तुंबाड' हा २०१८चा सिनेमा ज्यांनी पाहिला, त्यांनी धारपांची 'आजी' ही कथा जरूर मिळवून वाचावी. सिनेमातल्या त्या म्हातारीचं मूळ तिथं आहे.

आता आपले कोल्हापूरचे बाबा कदम. पेशानं वकील, त्यामुळं कोर्टातले प्रसंग कसे रंगतात म्हणून सांगू! गावं ओळखीची, माणसं ओळखीची, पुस्तक एका बैठकीत संपतं. पण एक तक्रार आहेच. 'पाच नाजूक बोटे' हे त्यांच्या एका कादंबरीचं नाव. आमची बोटं भांडी घासून आणि भाकऱ्या थापून राठ झालेली, त्यांच्यावर कादंबरी कोण लिहिणार? आणि हे एकट्या बाबांचं नाही बरं का. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड यांनी आमच्या आधीच्या पिढीची झोप उडवली. वेग असा की आजही पुस्तक हातातून सुटत नाही. पण कोडं सोडवायला पुरुष आणि किंकाळी फोडायला बाई, ही जुन्या रहस्यकथांची वाटणी आता डोळ्यांना खुपते.

जयंत नारळीकर तर जन्मानं कोल्हापूरचेच, १९३८चे. २०२५ साली ते गेले, तेव्हा मी 'यक्षांची देणगी' पुन्हा काढलं. त्यांची पहिली विज्ञानकथा 'कृष्णविवर' त्यांनी १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'नारायण विनायक जगताप' या नावानं पाठवली. स्वतःचं अक्षर ओळखू येईल म्हणून ती लिहून दिली मंगलाताईंनी, आणि पहिलं बक्षीस मिळालं! माझं मत म्हणाल तर नारळीकर ऐकू नयेत, वाचावेत. विज्ञानाचा एखादा मुद्दा आला की मागचं पान उलटून बघावं लागतं. कानातल्या गोष्टीचं पान कसं उलटणार?

याउलट गूढकथा ऐकण्यात खरी मजा! रत्नाकर मतकरींच्या कथा मी कानानंच संपवल्या. ते स्वतः कथाकथन करायचे, त्यामुळं त्यांची वाक्यं बोलल्यासारखीच येतात. साधं घर, साधी माणसं, आणि त्यातच काहीतरी बिनसलेलं. वाचणाऱ्यानं मात्र आवाज शांत ठेवायला हवा. काही ऑडिओबुकांत दार वाजलं की ढोल वाजतो, आणि खेड्यातली म्हातारी पुण्याच्या पेठेतल्यासारखी बोलते. 'काय करतीयास गं?' हे एवढं वाक्यसुद्धा आमच्याकडच्या हेलात म्हणता येत नसेल तर कथा तिथंच पडते.

स्टोरीटेल २०१७मध्ये भारतात आलं, मराठी पुस्तकं कानात आली आणि बायकांची मोठीच सोय झाली. एका कानात गोष्ट, दुसरा कान कुकरच्या शिट्टीला! पण या सोयीतली एक गोष्ट मला टोचते. मी पुस्तक घेऊन बसले की घरातून लगेच हाक येते, "बसलीयास न्हवं? मग जरा एवढं कर की." कानात गोष्ट असली तर कुणीच काही म्हणत नाही. का म्हणून म्हणतील? हात चालू असतात ना! ऐकणारी बाई काम करताना दिसते, वाचणारी बाई बसलेली दिसते. लोकांना आपलं वाचणं खटकत नाही हो, बसणं खटकतं.

म्हणून मी आता वाटणी केली आहे. भांडी, कपडे, निवडण-टिपण यांना ऑडिओबुक. दुपारी तीन ते चार मात्र छापील पुस्तक, खुर्चीत बसून, हात रिकामे ठेवून. घरच्यांना तसं सांगून टाकलं आहे. पहिले आठ दिवस कुरकुर झाली. नवव्या दिवशी सासूबाईंनीच विचारलं, "त्या भुताचं पुढं काय झालं गं?" आता तीन वाजता आम्ही दोघी बसतो. त्यांना दिसत नाही म्हणून मी मोठ्यानं वाचते. ढोल नाही, संगीत नाही, आणि हेल अगदी बावड्याचा!

पुस्तकं कुठून आणायची, हा प्रश्न असेल तर कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर १८५०पासून आहे. तुमच्याही गावात एखादं वाचनालय असेलच. तिथं जा आणि न लाजता रहस्यकथा मागा. आणि घरी आल्यावर, मैत्रिणींनो, ती कामं करता करता नको... बसून वाचा.