अंतरपाट दूर झाला तेव्हा कॅमेऱ्याने काय पाहिलं

भाचीच्या लग्नात मंगलाष्टकं संपली, वाजंत्री सुरू झाली, गुरुजींनी अंतरपाट बाजूला ओढला आणि नेमक्या त्या वेळी माझ्या पुतण्याने एक फोटो काढला. तो कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॅमेरा मित्राकडून चार दिवसांसाठी आणलेला. नवरदेवाच्या खांद्यावरून घेतलेल्या त्या फोटोत भाचीने नुकतीच मान वर केली आहे, मुंडावळ्या गालावर हलल्या आहेत, अक्षतांचे दाणे अजून हवेतच आहेत. क्षण अचूक सापडला होता. बाकी सगळं बिघडलं होतं. वधूचा चेहरा काळवंडलेला, नवरदेवाचा पांढरा सदरा पिवळाधमक, वधूच्या डोक्यातून कार्यालयाचा खांब उगवल्यासारखा, डाव्या कडेला कुणाचं तरी कोपर, खाली पाण्याची बाटली आणि वर नुसतं छत.

"काका, काढताना यातलं काहीच दिसलं नव्हतं मला," तो म्हणाला. त्याचं म्हणणं शब्दशः खरं होतं.

आपला डोळा सगळं दृश्य एकसारख्या स्पष्टतेने पाहतच नाही. दृष्टिपटलाच्या मध्यावरचा एक इवलासा खळगा बारकावे टिपतो आणि त्याच्या वाट्याला दृश्याचा जेमतेम दोन अंशांचा तुकडा येतो. हात लांब करून अंगठा उभा धरा, त्याच्या नखाएवढा. उरलेलं सगळं धूसर असतं. डोळा सेकंदाला साधारण तीन उड्या मारत हव्या त्या जागा तपासतो आणि मेंदू त्यातून अखंड चित्र जुळवतो. या उड्या कुठे पडतात हे रशियन शास्त्रज्ञ अल्फ्रेड यार्बुस यांनी नोंदवून दाखवलं. त्यांचं पुस्तक इंग्रजीत १९६७ साली आलं. एकच चित्र दाखवून प्रश्न बदलला की बघणाऱ्याच्या नजरेची वाटही बदलत होती. माणसांची चित्रं पाहताना मात्र नजर पुन्हा पुन्हा डोळ्यांकडे आणि ओठांकडे परतत होती. पुतण्याची नजर वधूच्या, म्हणजे त्याच्या ताईच्या डोळ्यांवर होती. खांब आणि बाटली त्याच्या मेंदूने बिनकामाची ठरवून केव्हाच वगळली होती. कॅमेऱ्याला असं वगळणं जमत नाही. चौकट ठरवणं किंवा नंतर फोटो कापणं म्हणजे मेंदूने आपोआप केलेलं ते काम हाताने करणं.

कापणं सोपं आहे. फोटो २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे ६००० गुणिले ४००० ठिपक्यांचा होता. छत, बाटली आणि कोपर काढून ४८०० गुणिले ३६०० ठिपके उरले. इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने त्याची १६ गुणिले १२ इंचांची सुबक प्रत निघते. लग्नाच्या अल्बमला तेवढं पुष्कळ झालं. कापताना पुतण्याला 'तिसऱ्या भागाचा नियम' आठवला: चौकटीचे उभे-आडवे तीन भाग करा आणि महत्त्वाची गोष्ट त्या रेषांवर ठेवा. नियम जुना आहे. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली निसर्गचित्रांविषयीच्या पुस्तकात तो मांडला. पण तो निसर्गाचा कायदा नव्हे. वधूवर समोरासमोर आणि मध्ये अंतरपाट, असा फोटो असता तर मी अंतरपाट बरोबर मध्यभागीच ठेवायला सांगितलं असतं, कारण त्या प्रसंगाची रचनाच समतोल आहे. इथे वधू एका दिशेला बघते आहे, म्हणून तिच्या नजरेपुढे मोकळी जागा हवी. आम्ही तिला उजव्या रेषेवर घेतलं.

खांबाचं मात्र कापून भागत नाही. ती चूक उभं राहण्याच्या जागेची होती. वधू कॅमेऱ्यापासून दोन मीटरवर आणि खांब आठ मीटरवर होता असं धरू. अशा वेळी फोटो काढणारा ३० सेंटिमीटर, म्हणजे एक फूट बाजूला सरकला, तर वधूच्या अंतरावर मोजल्यास खांब तिच्या डोक्यामागून साडेबावीस सेंटिमीटर सरकतो. चांगली वीतभर! माणसाचं डोकं त्याहून अरुंद असतं. एका पावलाने जे झालं असतं, त्यासाठी आम्ही संगणकावर पाऊण तास घालवला. खांब पुसून टाकणारं साधन सॉफ्टवेअरमध्ये होतं, पण ते मागच्या पाहुण्यांचे चेहरे अंदाजाने रंगवू लागलं. ते आम्हाला नको होतं. शेवटी खांबाचा उजेड नि ठळकपणा तेवढा उतरवला. नजर चकाकणाऱ्या, ठळक कडांच्या जागेकडे ओढली जाते. खांब मंद झाला, तशी ती तिथून सुटली.

रंगांची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. नवरदेवाच्या बाजूला व्हिडिओवाल्याचा हॅलोजन होता. त्याच्या प्रकाशाचं 'रंगतापमान' ३२०० केल्विनच्या आसपास असतं आणि तो पिवळसर दिसतो. वधूमागच्या एलईडीच्या भिंतीतून निळसर उजेड तिच्या गालावर येत होता. कार्यालयात बसलेल्या कुणालाही सदरा पिवळा वाटला नव्हता, कारण मेंदू प्रकाशाचा रंग मनातल्या मनात वजा करून वस्तूचा रंग ठरवतो. या वजाबाकीची जगप्रसिद्ध फजितीही एका लग्नातूनच आली. २०१५ साली स्कॉटलंडमधल्या एका लग्नासाठी वधूच्या आईने घ्यायच्या पोशाखाचा फोटो काढला. कुणाला तो निळा-काळा दिसला, कुणाला पांढरा-सोनेरी. प्रत्यक्षात तो निळा-काळा होता. प्रकाश कसा असेल याचा अंदाज प्रत्येक मेंदूने आपापल्या परीने बांधला आणि वजाबाकीची उत्तरं वेगळी आली.

कॅमेराही असाच अंदाज बांधतो, फक्त त्याचा अंदाज कच्चा असतो. त्याला एक खात्रीची पांढरी वस्तू दाखवली की हिशेब सुधारतो. आमच्या नशिबाने ती वस्तू फोटोतच होती: गुरुजींच्या हातातला, कुंकवाचं स्वस्तिक काढलेला अंतरपाट. कापडावरच्या पांढऱ्या भागावर क्लिक केलं आणि तिकडची बाजू ताळ्यावर आली. (नीळ दिलेलं किंवा खास पावडरीत धुतलेलं कापड थोडं निळसर असतं, एवढं लक्षात ठेवावं.) पण दोन रंगांचे उजेड एका फटक्यात दुरुस्त होत नाहीत. वधूच्या गालावरची निळाई तेवढा भाग निवडून वेगळी कमी करावी लागली.

मग चेहऱ्यावरचा काळोख. पुतण्याने फोटो जेपीईजीबरोबर 'रॉ' स्वरूपातही साठवला होता, म्हणून बचावलो. जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर चौदा बिटांच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. काळोखातून चेहरा वर काढायला तेवढा ऐवज लागतो. तरी त्याला मर्यादा आहे. प्रकाश कणाकणाने येतो आणि त्या कणांच्या मोजणीत आपोआप चढउतार असतो. एखाद्या ठिपक्यावर १०,००० कण पडले तर चढउतार सुमारे १००, म्हणजे एक टक्का. शंभरच पडले तर १०, म्हणजे दहा टक्के. अंधाऱ्या भागाचा उजेड वाढवला की हा चढउतारही वाढतो आणि त्वचेवर रवा दिसू लागतो. सदऱ्याच्या खांद्यावर तर हॅलोजनने ठिपके काठोकाठ भरून गेले होते. तिथली वीण कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येणार नव्हती.

इथे पुतण्याचा हात जरा जास्त सैल सुटला. भाची सावळी आहे. उजेड वाढवता वाढवता ती गोरी झाली, मग त्वचा गुळगुळीत करणारं बटण दाबलं गेलं, आणि तोच थांबून म्हणाला, "ही ताई वाटत नाही." माझं मत याबाबत पक्कं आहे. चेहऱ्यावरची सावली काढणं ही दुरुस्ती आहे आणि चेहऱ्याचा रंग बदलणं हा त्या मुलीचा अपमान आहे. लग्नाच्या फोटोंत हा अपमान सर्रास होतो, तोही पैसे देऊन. आम्ही तिच्या हाताचा आणि गळ्याचा रंग प्रमाण मानला आणि चेहरा त्याच्याशी जुळला तिथे थांबलो. आदल्या दिवशीच्या हळदीची पिवळसर छटाही राहू दिली. ती प्रकाशाची चूक नव्हती.

शेवटी पुन्हा चौकटीकडे वळलो. कापलेल्या फोटोच्या डाव्या कडेला काहीतरी तुटल्यासारखं वाटत होतं. मूळ फाइल उघडून नीट पाहिलं. कोपराच्या वर एक सुरकुतलेला हात होता, हिरव्या बांगड्या भरलेला, अक्षता टाकून अजून उघडाच राहिलेला. माझ्या आईचा हात. रचनेच्या दृष्टीने तो कडेला अर्धवट लोंबतो. कोणताही परीक्षक तो कापायला सांगेल. आम्ही चौकट दोन बोटं डावीकडे वाढवली आणि हात ठेवला. पाहुण्याच्या कोपराचा थोडा भाग परत आला, तो आला.

हे करता आलं ते मूळ फाइल हाताशी होती म्हणून. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला की त्याचा आकार घटतो आणि वर जेपीईजीची काटछाट होते. बंगळूरुत जन्मलेले नासिर अहमद यांनी सहकाऱ्यांसह १९७४ साली मांडलेलं गणित त्यामागे आहे: चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन करायचे आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे टाकून द्यायचे. त्यामुळे फोटो पटकन पोहोचतो. टाकलेले बारकावे मात्र कायमचे जातात. तुमच्या घरात नुकतंच लग्न झालं असेल तर फोटो काढणाऱ्या प्रत्येकाकडून, हौशी पोरांकडूनसुद्धा, न कापलेल्या मूळ फाइली आजच मागून घ्या आणि दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा.