कमरेचे माप आणि हृदयाचे बळ

गोदाकाठच्या गेवराई तालुक्यात कापसाचा हंगाम सुरू झाला की व्यापारी सकाळपासून रात्रीपर्यंत गादीवर बसून असतात. हिशेब चुकत नाही, ग्राहक रिकाम्या हाती परतत नाही. देह मात्र दिवसभर हलत नाही. हातपाय सडपातळ, वजन बेताचे आणि सदऱ्याआड थोडे पुढे आलेले पोट. घरातील मंडळी त्याला खात्यापित्या घरचे लक्षण मानतात. वैद्यकशास्त्राला मात्र त्या पोटाची चिंता वाटते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंचीच्या प्रमाणात वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही २२.३ होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! वरून सडपातळ दिसणारा भारतीय देह आतून मेदयुक्त असू शकतो, हे त्या एका चित्राने जगाला दाखविले.

भांडवल किती, यापेक्षा ते कोठे अडकले आहे, हे व्यापारी जाणतो. चरबीचेही तसेच आहे. मांड्या-नितंबांवरील त्वचेखालची चरबी तुलनेने निरुपद्रवी. पोटातील अवयवांभोवती व यकृतात साठलेली चरबी घातक. फ्रान्समधील डॉ. जाँ वाग यांनी १९४७ मध्येच हा भेद मांडला होता. ही आतली चरबी स्निग्धाम्ले रक्तात सोडते, इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो आणि टाइप दोन मधुमेह बळावतो.

अशीच चरबी हृदयाच्या आवरणाखालीही साठते. मधुमेहात हृदयाचा स्नायू हळूहळू ताठर होतो. त्याचे आकुंचन प्रारंभी उत्तम राहते. बिघडते ते शिथिल होणे. रक्त सहज भरून घेता येत नाही, म्हणून जिना चढताना धाप लागते, पायांवर सूज येते. अनेकदा ईसीजीत काहीच आढळत नाही. इकोकार्डिओग्राफीत हा दोष दिसू शकतो. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅमच्या १९७४ मधील अहवालानुसार मधुमेही पुरुषांत हृदय दुर्बल होण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक, तर स्त्रियांत पाचपट होते. घरातील स्त्रीची धाप ‘थकवा’ म्हणून दुर्लक्षिली जाते, हे म्हणूनच धोक्याचे.

तपासणीचा प्रारंभ शिंप्याच्या फितीने होऊ शकतो. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, सहज श्वास सोडून माप घ्यावे. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपुढील माप हा इशारा समजावा. रोज अर्धा तास झपाट्याने चालणे, फरसाण, तळण व मिठाईला आवर, ताटात डाळी-कडधान्ये, आणि दुकानात तासाभराने उठून चार फेऱ्या, यांनी पोटातील चरबी उतरू लागते.

सूर्यास्तापूर्वीचे भोजन आणि ऊणोदरी ही घराची जुनी शिस्त येथे साहाय्यक ठरते. मात्र इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी उपवास वा तेला करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. साखर एकाएकी घसरल्यास जीवावर बेतू शकते. औषध मनाने बंद करणेही तितकेच अहिताचे.

दुकानाचा रोजमेळ रोज लिहिला जातो. महिन्यातून एकदा त्याच वहीच्या कोपऱ्यात कमरेचे मापही लिहिले जावे.