रिकामं यंत्र परवडत नाही

अमेरिकेत पोर्टलंड शहरातून कोलंबिया नदीच्या काठाने पूर्वेला निघालं, की दीडेक तासात द डॅल्स हे गाव लागतं. वस्ती 16,000 च्या आसपास, भोवती चेरीच्या बागा. 1957 च्या मार्च महिन्यात इथल्या धरणाचे दरवाजे बंद झाले आणि सेलिलो धबधबा काही तासांत पाण्याखाली गेला. हजारो वर्षं त्या धबधब्यावर सामन मासे पकडणाऱ्या मूळ जमातींची जागा त्याच्याबरोबर बुडाली. गावाला मात्र मुबलक, स्वस्त वीज मिळाली आणि विजेच्या मागोमाग ॲल्युमिनियमचा कारखाना आला. ॲल्युमिनियम काढायला वीज ही कच्च्या मालाइतकीच लागते. 2000-01 च्या सुमारास विजेचे भाव भडकले आणि तो कारखाना बसला. तारा, उपकेंद्रं, नदी हे सगळं होतं तिथेच राहिलं. गिऱ्हाईक तेवढं गेलं.

नवं गिऱ्हाईक 2005 मध्ये आलं, तेही नाव न सांगता. 'डिझाइन एलएलसी' नावाच्या एका अनोळखी कंपनीने नदीकाठची जमीन घेतली. मालमत्ता करात मोठी सवलत मिळवली आणि गावातल्या अधिकाऱ्यांकडून गुप्ततेच्या करारांवर सह्या करून घेतल्या. ती कंपनी गूगलची होती. 2006 मध्ये सुरू झालेलं इथलं डेटा सेंटर हे गूगलने स्वतः जमीन घेऊन, स्वतःच्या आराखड्याने बांधलेलं पहिलं मोठं केंद्र. आज गूगल क्लाउडचं 'यूएस-वेस्ट-1' हे ठाणं इथेच आहे. म्हणजे जगातल्या कुठल्याही गावातला प्रोग्रॅमर चार बटणं दाबून इथलं यंत्र तासाभरासाठी भाड्याने घेऊ शकतो. ते भाडं इतकं कमी कसं ठेवता येतं आणि त्याची किंमत आणखी कोण मोजतं, हे पाहायला द डॅल्ससारखी दुसरी जागा नाही.

गूगलचे दोन अभियंते, लुईझ आंद्रे बारोसो आणि उर्स होल्झले, यांनी 2009 मध्ये 'द डेटासेंटर ॲज अ कॉम्प्युटर' हे छोटं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की इमारतीत हजारो संगणक ठेवले आहेत असं समजू नका, अख्खी इमारत हाच एक संगणक आहे असं धरून तिची रचना करा. हा विचार वरवर साधा वाटतो, पण त्याने सगळा हिशेब बदलला. एकेक यंत्र भक्कम आणि महागडं घेण्याची गरज संपली. स्वस्त घ्या, मोडेल हे गृहीत धरा आणि मोडण्याची भरपाई सॉफ्टवेअरवर सोपवा, असं नवं धोरण आलं. मोडतात किती, हेही गूगलनेच मोजलं. एक लाखाहून जास्त हार्ड डिस्कचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षात 1.7 टक्के डिस्क निकामी होत होत्या आणि तिसऱ्या वर्षात हे प्रमाण 8 टक्क्यांच्या वर जात होतं. सरासरी 3 टक्के धरली तरी लाख डिस्कमागे रोज आठ डिस्क जातात. म्हणून प्रत्येक माहितीच्या तीन प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवायच्या आणि एक गेली की चौथी गुपचूप तयार करायची. त्याच अभ्यासातून आणखी एक गोष्ट कळली. थोड्या जास्त तापमानाने डिस्क लवकर मरतात हा समज फारसा खरा नव्हता. मग हॉल फ्रीजसारखा गार ठेवायचा कशाला? 27 अंशांपर्यंतची हवा चालते म्हटल्यावर वातानुकूलनाचं बिल खाली आलं.

यंत्रघरातल्या विजेचं मोजमाप पीयूई या आकड्याने होतं. इमारतीत एकूण वीज किती आली आणि त्यातली प्रत्यक्ष संगणकांपर्यंत किती पोचली, यांचं हे गुणोत्तर. 2007 च्या सुमारास साधारण डेटा सेंटरचा आकडा दोनच्या वर असे, म्हणजे संगणकाला एक युनिट द्यायचं तर दुसरं युनिट पंखे, चिलर आणि यूपीएस खाऊन टाकायचे. गूगलच्या सगळ्या केंद्रांची सरासरी आज 1.1 च्या घरात आहे.

ही बचत कुठून आली, ते एका सर्व्हरमध्ये दिसतं. 2009 च्या एप्रिलमध्ये गूगलने आपला सर्व्हर पहिल्यांदा लोकांना दाखवला. वर झाकण नसलेला पत्र्याचा ट्रे, त्यात मदरबोर्ड, दोन हार्ड डिस्क आणि शेजारी घट्ट बसवलेली 12 व्होल्टची बॅटरी. खरी करामत त्या बॅटरीची होती. एरवी वीज आधी मोठ्या यूपीएसमध्ये एसीची डीसी होते, पुन्हा एसी होते, मग सर्व्हरमध्ये परत डीसी होते आणि प्रत्येक वेळी थोडी वीज उष्णता बनून वाया जाते. ती उष्णता बाहेर काढायला पुन्हा वीज लागते. बॅटरी थेट सर्व्हरशेजारी आणल्यावर मधली दोन रूपांतरं गळाली. एका यंत्रामागे बचत काही टक्क्यांचीच, पण तसे ट्रे लाखांनी असले की त्यातून एखादं गाव उजळेल एवढी वीज वाचते.

तरीही क्लाउडच्या अर्थकारणाचा गाभा विजेच्या बिलात नाही. ॲमेझॉनचे जेम्स हॅमिल्टन यांनी 2010 मध्ये एका मोठ्या डेटा सेंटरच्या मासिक खर्चाची फोड मांडली होती. त्यात निम्म्याहून जास्त, 57 टक्के खर्च सर्व्हरचा होता, वीज पोचवण्याच्या आणि थंडाव्याच्या यंत्रणेचा 18 टक्के, तर प्रत्यक्ष विजेचा 13 टक्के. सर्व्हर विकत घेतला त्या दिवसापासून त्याचा घसारा सुरू होतो, मग तो काम करो वा न करो. म्हणून खरा प्रश्न असा, की घेतलेलं यंत्र दिवसाचे किती तास कामात आहे?

याचं उत्तर धक्कादायक होतं. बारोसो आणि होल्झले यांनी 2007 मध्ये गूगलच्या 5,000 हून अधिक सर्व्हरची सहा महिन्यांची नोंद मांडली. बहुतेक सर्व्हर बहुतेक वेळ आपल्या ताकदीच्या 10 ते 50 टक्केच राबत होते. गूगलसारख्या कंपनीची ही गत, तर साध्या कचेरीतल्या सर्व्हरची काय असेल! त्यातून रिकामा सर्व्हरही पूर्ण कामाच्या निम्मी वीज ओढत होता. रिकामी एसटी धावली तरी डिझेल जाळतेच, तसं. त्यानंतरच्या वर्षांत प्रोसेसर बनवणाऱ्यांनी काम कमी तर वीज कमी अशी सोय बरीच केली, पण घसाऱ्याला तशी सोय नाही.

गूगलचं उत्तर 'बोर्ग' नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. 2015 मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला, तेव्हा बाहेरच्यांना त्याचा तपशील कळला. बोर्गच्या एका गटात साधारण 10,000 यंत्रं असतात. जीमेल, सर्च यांसारखी तातडीची कामं आणि रात्रीत कधीही उरकली तरी चालतील अशी कामं तो एकाच यंत्रावर शेजारीशेजारी बसवतो. तातडीच्या कामाने जेवढी जागा मागितली आहे तेवढी ते वापरत नाही, हे तो सतत पाहत राहतो आणि उरलेली जागा सबुरीच्या कामाला देतो. तातडीच्या कामाला जागा लागली की सबुरीचं काम तिथल्या तिथे उठवतो. एका नेहमीच्या गटात पाचवा हिस्सा काम अशा परत मिळवलेल्या जागेत चालतं. दोन्ही प्रकारांना वेगळी यंत्रं दिली असती तर 20 ते 30 टक्के यंत्रं जास्त लागली असती. मला तर वाटतं, गेल्या पंचवीस वर्षांत संगणकशास्त्राने ऊर्जेसाठी केलेल्या कामात या वाटपाचा मान फार वरचा आहे. पवनचक्कीचा फोटो काढता येतो, न विकत घेतलेल्या सर्व्हरचा येत नाही, म्हणून त्याची चर्चा कमी होते.

हीच कल्पना कंपनीच्या भिंतीबाहेर नेली की क्लाउडचा धंदा तयार होतो. दहावीचा निकाल दुपारी एक वाजता लागतो, तेव्हा पंधरा-सोळा लाख घरं एकाच वेळी एकाच पानावर धावतात. त्या तासासाठी कुणी स्वतःचे सर्व्हर घेतले, तर बाकी वर्षभर ते काय करणार? पण एकाचा गर्दीचा तास दुसऱ्याचा निवांत तास असतो. भाड्याने देणाऱ्याकडे हजारो गिऱ्हाइकं आली, की सगळ्यांची गर्दी एकाच वेळी होत नाही आणि यंत्रं भरलेली राहतात. ॲमेझॉनने 2006 च्या ऑगस्टमध्ये ईसी-टू सेवा सुरू केली, तेव्हा लहान यंत्राचं भाडं तासाला 10 सेंट होतं. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्समधल्या एका प्रोग्रॅमरने जुन्या अंकांतल्या 1 कोटी 10 लाख लेखांच्या पीडीएफ करायला अशी 100 यंत्रं घेतली आणि काम एका दिवसात हातावेगळं केलं. 100 यंत्रं, 24 तास, 10 सेंट, म्हणजे भाडं 240 डॉलर. एकच यंत्र घेऊन शंभर दिवस बसलं असतं तरी बिल तेवढंच आलं असतं. कमी वेळात उरकलं म्हणून जास्त पैसे द्यावे लागत नाहीत, असा सौदा त्याआधी संगणकाच्या धंद्यात नव्हता. तरीही जी यंत्रं उरतात ती 2009 पासून ॲमेझॉन पडत्या भावाने देते. अट एवढीच, की पूर्ण भाडं देणारा आला तर ती लगेच काढून घेतली जातात. बोर्गची सबुरीची कामं इथे पैशाच्या रूपात दिसतात.

मग ही सगळी बचत गिऱ्हाइकाच्या खिशात जाते का? काही अंशी नक्कीच. ॲमेझॉनवर एक गिगाबाइट साठवण्याचं भाडं 2006 मध्ये महिन्याला 15 सेंट होतं, आता ते अडीच सेंटांच्याही खाली आहे. पण 2024 मध्ये ॲमेझॉनच्या क्लाउड विभागाने 107 अब्ज डॉलरची विक्री केली आणि त्यावर जवळपास 40 अब्जांचा नफा कमावला. इतका नफा सुटतो याचा अर्थ मोठ्या प्रमाणावर काम केल्याचा मोठा फायदा मालकाकडेच राहतो. ज्याचं काम चढउताराचं आहे, जो नवखा आहे, त्याच्यासाठी क्लाउड खरोखर स्वस्त. ज्याचा भार मोठा आणि बारमाही स्थिर, त्याने पुन्हा हिशेब मांडावा. ड्रॉपबॉक्सने मांडला. ॲमेझॉनवरचा बराच साठा स्वतःच्या यंत्रांवर हलवून दोन वर्षांत साडेसात कोटी डॉलरच्या आसपास वाचवले, असं त्या कंपनीने 2018 मध्ये शेअर बाजारात उतरताना कागदोपत्री सांगितलं. सर्व्हरचं आयुष्य किती धरायचं, यावरही नफा हलतो. गूगलने 2023 मध्ये ते चार वर्षांवरून सहा केलं आणि त्या एका निर्णयाने वर्षाच्या घसाऱ्यातून अब्जावधी डॉलर कमी झाले.

आता पाण्याचा हिशेब. एक युनिट वीज संगणकात जळली की तिची पूर्ण उष्णता होते. ती कूलिंग टॉवरमधून बाहेर टाकायची तर साधारण दीड लिटर पाण्याची वाफ करावी लागते. पाणी वापरलं की चिलरची वीज वाचते आणि पीयूई सुंदर दिसतो. पाणी त्या गुणोत्तरात धरलंच जात नाही. द डॅल्समध्ये गूगल किती पाणी घेतं, हे 'द ओरेगोनियन' वृत्तपत्राने विचारलं, तेव्हा हे व्यापारी गुपित आहे म्हणत नगर प्रशासन कोर्टात गेलं. वर्षाहून जास्त काळ वाद चालला आणि 2022 च्या अखेरीस आकडे उघड झाले. पाच वर्षांत गूगलचा वापर जवळपास तिप्पट झाला होता. 2021 मध्ये तो 100 कोटी लिटरच्या वर, म्हणजे गावाच्या एकूण पाण्याच्या चतुर्थांशाहून जास्त होता. हे आकडे दडवायला गावाच्याच प्रशासनाने कोर्टाची पायरी चढावी, याचा मला संताप येतो. गूगलने मात्र त्याच सुमारास आपल्या केंद्रांच्या पाण्याचे जागानिहाय आकडे स्वतःहून द्यायला सुरुवात केली. त्याने धंदा बुडालेला नाही.

हा प्रश्न आपल्या दारात आहे. मायक्रोसॉफ्टचं क्लाउड ठाणं 2015 मध्ये पुण्यात आलं, ॲमेझॉनचं 2016 मध्ये आणि गूगलचं 2017 मध्ये मुंबईत. ऐरोली, रबाळे, महापे या ठाणे-बेलापूर पट्ट्यात जिथे रसायनांचे कारखाने धुरांडी सोडत होते, तिथे आता बिनखिडक्यांच्या उंच इमारती उभ्या आहेत. एक कारण द डॅल्समधलंच: उद्योगासाठी टाकलेली वीज तयार होती. शिवाय इथे समुद्राखालच्या केबल जवळच किनाऱ्याला लागतात. हवा मात्र वेगळी आहे. द डॅल्स पर्वतरांगेच्या कोरड्या बाजूला आहे, तिथे वाफेवर थंडावा मिळतो. कोकणच्या पावसाळ्यात हवेतच इतकी वाफ असते की पाणी नीट उडत नाही आणि भार चिलरवर, म्हणजे विजेवर पडतो. गूगलच्या सरासरीचा 1.1 हा आकडा इथे जाहिरातीत टाकणाऱ्याकडे महिनावार नोंद मागायला हवी.

कार्यक्षमतेने आजवर आपल्याला खूप वाचवलं, हे निर्विवाद. 2010 ते 2018 या काळात जगभरच्या डेटा सेंटरमधलं काम साडेसहापट झालं, तरी त्यांची वीज जेमतेम 6 टक्के वाढली, असा हिशेब 2020 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आला होता. कचेऱ्यांच्या कोपऱ्यात अर्धवट रिकामे पडलेले सर्व्हर बंद होऊन मोठ्या यंत्रघरात गेले, हे त्याचं एक मोठं कारण. पण ते स्थलांतर एकदाच होतं. पीयूई 2 वरून 1.1 वर येऊ शकतो, 1 च्या खाली जाऊ शकत नाही. एआयच्या यंत्रांनी मागणी पुन्हा उसळली आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या मते 2024 मध्ये डेटा सेंटरनी सुमारे 41,500 कोटी युनिट वीज घेतली, जगाच्या वापराच्या दीड टक्का, आणि 2030 पर्यंत ती दुपटीवर जाईल. द डॅल्समध्ये गूगलच्या नव्या इमारती जुन्या ॲल्युमिनियम कारखान्याच्या जमिनीवर होत आहेत. आपल्याकडे नव्या भूखंडांची आणि सवलतींची बोलणी चालू असतानाच एक अट घालता येईल. प्रत्येक इमारतीने किती युनिट घेतले, किती पाणी घेतलं आणि तिची यंत्रं किती टक्के कामात होती, हे तीन आकडे दर महिन्याला जाहीर करायचे. मोजलेले ते आहेतच, फक्त बाहेर यायचे आहेत.