उत्तर वाटेत अडकलं तर

जळगावच्या एमआयडीसीत पाइपांचा ट्रक भरला, दोर आवळले, की ड्रायव्हर ऑफिसच्या खिडकीशी येतो. ‘भाऊ, कागद झाला का?’ कागद म्हणजे बिल आणि ई-वे बिल. कारखान्याचं हिशोबाचं सॉफ्टवेअर तेव्हा ई-इन्व्हॉइसच्या सरकारी पोर्टलशी बोलत असतं. त्यांची जोडणी करणं हे माझं काम.

२०२०च्या ऑक्टोबरात ५०० कोटींवरच्या उलाढालीपासून ई-इन्व्हॉइस सुरू झालं. १ ऑगस्ट २०२३पासून मर्यादा ५ कोटींवर आली आणि इथले मध्यम कारखानेही त्यात आले. कारखान्यागणिक सॉफ्टवेअर निराळं, पण पोर्टलला निरोप एकाच साच्यात हवा: १५ अक्षरी जीएसटी क्रमांक, पीव्हीसी पाइपचा एचएसएन ३९१७, आणि नगाला ‘एनओएस’, मीटरला ‘एमटीआर’.

कोडिंगपेक्षा जास्त वेळ गिऱ्हाइकांची यादी साफ करण्यात जातो. बऱ्हाणपूरचा व्यापारी इथल्या माणसाला शेजारीच वाटतो, म्हणून यादीत त्याचंही राज्य महाराष्ट्र पडलेलं असतं. त्याचा कोड २३, आपला २७. धुळ्याला माल गेला तर ९ आणि ९ टक्के, बऱ्हाणपूरला सरळ १८ टक्के आयजीएसटी. इथे चूक असली की पोर्टल निरोप परत करतं. ते बरंच, निदान चूक कळते.

खरी पंचाईत निरोप गेल्यावर आणि उत्तर यायच्या आत नेट गेलं की होते. बिल नोंदलं गेलं की नाही? बाहेर ट्रक उभा, मालकाचा फोन चालू, आणि अकाउंटंटचा हात नवा बिल नंबर टाकायला शिवशिवतो. तसं केलं तर एका मालाची दोन बिलं नोंदली जातात. नोंदलेलं बिल पोर्टलवर दुरुस्त होत नाही, आणि रद्द करायचं तर २४ तासांच्या आत.

यावरची तोड साच्यातच आहे, आणि ज्यांनी ती ठेवली त्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं. बिलाला मिळणारा ६४ अक्षरी आयआरएन चार गोष्टींवरून बनतो: विकणाऱ्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार, बिल नंबर. त्या चार तशाच ठेवून कितीदाही पाठवा, आयआरएन तोच. आधी नोंद झाली असेल तर पोर्टल २१५० हा एरर देतं आणि सोबत मूळ आयआरएन, पोच क्रमांक, तारीख परत पाठवतं. नवखा प्रोग्रॅमर २१५० बघून काम थांबवतो. माझ्या कोडमध्ये ती पोचपावती आहे.

म्हणून बिल आधी कारखान्याच्याच डिस्कवर रांगेत लागतं, मग बाहेर जातं. ‘पाठवलं’ आणि ‘पोचलं’ या खुणा वेगळ्या ठेवायच्या, यावर मी अडून बसतो. काम सोपवताना चाचणीच्या पोर्टलवर बिल पाठवतो, उत्तर यायच्या आत नेटची केबल काढतो आणि अकाउंटंटलाच सांगतो, ‘आता लावा, आणि तेच बिल पुन्हा पाठवा.’ आधीचाच आयआरएन परत आला, की मग खऱ्या पोर्टलचा पत्ता भरतो.